बोका : वर्ग अनिश्चित

शहरातल्या प्राण्यांची मोजणी करण्यात यावी, असा आदेश निघाला तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. माणसं मोजून झाली होती, झाडं मोजून झाली होती, आणि मोजणी विभागाकडे काम उरलं नव्हतं. काम उरलं नाही की विभाग बंद करावा लागतो, आणि विभाग बंद केला की त्यातल्या खुर्च्या कुठे ठेवायच्या इथपासून प्रश्न सुरू होतात. त्यापेक्षा कुत्री-मांजरं मोजणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. कुत्र्या-मांजरांना कुणी विचारलं नव्हतं, पण तसं झाडांनाही कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या गल्लीत मोजणीला चित्रकलेचे मास्तर आले. गणिताचे मास्तर माणसं मोजून आजारी पडले होते, म्हणून यंदा चित्रकलेची पाळी. गळ्यात ओळखपत्र, हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेले फॉर्म, कानावर पेन्सिल. माझ्या घरी प्राणी नसल्यामुळे माझा फॉर्म अर्ध्या मिनिटात झाला. मग ते समोरच्या घराकडे वळले, आणि तिथेच सगळं बिनसलं.

समोर कानामात्रा राहतात. हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले. तपासायला मुद्रितं उरली नाहीत, तेव्हा दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना आणि लोकांची बोलणी तपासू लागले. शेजारचे आजोबा गेले, तेव्हा फळ्यावरच्या सूचनेत ‘दुःखद’मधला विसर्ग राहिलाय, हे त्यांनी आधी आजोबांच्या मुलाच्या लक्षात आणून दिलं, आणि मग सांत्वन केलं. मनाने माणूस लोण्यासारखा, फक्त शब्दाच्या बाबतीत दगड.

त्यांच्या दारातल्या पायरीवर त्या सकाळी एक बोका बसला होता. तांबूस रंग, डावा कान अर्धा, तोंड निवृत्त पैलवानासारखं. रोज साडेसातला यायचा, दूध प्यायचा, पायरीवर ऊन खायचा आणि दहाच्या सुमाराला आपल्या कामाला निघून जायचा. काम म्हणजे गल्लीतल्या इतर बोक्यांना मारणं. कानामात्रांच्या बायकोचं म्हणणं, “मी काही त्या मेल्याला दूध घालत नाही. उरतं ते ठेवते.” दूध उरावं म्हणून त्या रोज अर्धा लिटर जास्त घेत असत.

“काका, हा बोका तुमचा का?” मास्तरांनी विचारलं.

“माझा नाही. येतो.”

“म्हणजे भटका.” मास्तरांनी पेन्सिल टेकवली.

“थांबा, थांबा. भटका म्हणजे ज्याचा ठावठिकाणा नाही तो. याच्या येण्यावर मी घड्याळ लावतो.”

“बरं, मग पाळीव.”

“पाळीव कसा? पाळायला कुणीतरी पाळावं लागतं. आम्ही कुठे पाळलाय? यायचं त्याने ठरवलं, जायचंही तोच ठरवतो.”

मास्तरांनी फॉर्म उलटा करून दाखवला. “काका, चौकटी दोनच आहेत. पाळीव आणि भटका.”

“शब्द तिसरा असेल तर चौकटी दोन असून कसं चालेल?” कानामात्रा म्हणाले. “लिहा, माणसाळलेला.”

आतून बायकोचा आवाज आला, “अहो, लिहा ना पाळीव! काय बिघडतं?”

“अगं, चूक आहे ते.”

“चूक तर चूक. बोक्याला वाचता येत नाही.”

पण कानामात्रांना येत होतं. एकेचाळीस वर्षांत त्यांनी चुकीच्या शब्दाखाली सही केली नव्हती. मास्तरांना पुढे एकशे बारा घरं होती. त्यांनी खिशातली पट्टी काढली, दोन चौकटींच्या खाली तशीच एक तिसरी चौकट आखली, कोपरे नीट जुळवले, आणि आत सुंदर वळणदार अक्षरात ‘माणसाळलेला’ असं लिहून बरोबरची खूण केली. चौकट इतकी बेमालूम होती की वरच्या कार्यालयात ती छापीलच आहे असं सर्वांना वाटलं.

महिन्याभराने बेरीज लागेना. शहरातले एकूण प्राणी अकरा हजार दोनशे सहा. पाळीव आणि भटके मिळून अकरा हजार दोनशे पाच. एक प्राणी असाही नव्हता आणि तसाही नव्हता. अशा गोष्टी घरात घडल्या तर माणूस दुर्लक्ष करतो. कार्यालयात घडल्या तर त्यांना फाइल फुटते.

नोटीस आली. कानामात्रांनी ती पायरीवर बसून मोठ्याने वाचली, म्हणून मलाही ऐकू आली. “उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या निवासस्थानी आढळून आलेला बोका, नग एक, हा पाळीव अथवा भटका यांपैकी कोणत्याही वर्गात मोडत नसल्याने, त्याचा वर्ग निश्चित होईपर्यंत त्यास निगराणीत घेण्यात येत आहे.” त्यांनी मान डोलावली. “‘आपणांस’वर अनुस्वार दिलाय. हल्ली कुणी देत नाही.”

“अनुस्वाराचं कौतुक नंतर करा,” बायको म्हणाली. “बोका नेतायत ते!”

नेणारे चौघे आले. जाळी, पोतं, पिंजरा आणि पंचनाम्याचा कागद. सबंध दुपार ते बोक्यामागे पळाले. बोका भिंतीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून माझ्या खिडकीत, तिथून वाळत घातलेल्या कपड्यांतून पार पलीकडच्या गल्लीत. चौघांपैकी एकाचा पाय मुरगळला, एकाला दम लागला, आणि संध्याकाळी ते रिकामा पिंजरा घेऊन परत गेले. कानामात्रांच्या बायकोने इतक्या खुशीत त्यांना पाणी दिलं की ते वरमले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते पुन्हा आले. पायरीवर बोका दूध पीत होता. कालचे ओळखीचे चेहरे बघून त्याने एकदा मान वर केली आणि पुन्हा बशीत घातली. माणसांची सवय होती त्याला. त्यांनी त्याला अलगद उचललं आणि पिंजऱ्यात ठेवलं. खरा भटका असता तर सापडला नसता. पंचनाम्यात लिहिलं : ‘सदर बोका स्वखुशीने हजर झाला.’

बशीत अर्धं दूध तसंच होतं. बायकोने ती बशी दिवसभर उचलली नाही.

कानामात्रा दुसऱ्याच दिवशी कार्यालयात गेले. खिडकी क्रमांक चार. आत एक कारकून होता, ज्याला वर न बघता माणूस ओळखण्याची विद्या अवगत होती.

“बोका ना?” तो म्हणाला. “शब्दाचा अर्थ सिद्ध करा आणि घेऊन जा.”

कानामात्रांनी पिशवीतून शब्दकोश काढला. तीन किलोचा. त्याची मुद्रितं त्यांनीच तपासली होती.

“यावर शिक्का कुठाय?”

“अहो, कोश आहे हा.”

“असेल. पण खरी प्रत आहे हे कुणी म्हटलंय?”

मग दोन दिवस कोश साक्षांकित करण्यात गेले. साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे प्रत्येक पानावर सही केली, आणि चौदाशे पानांनंतर त्याचा हात बँडेजमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी कानामात्रांनी खिडकीत तो कोश उघडून धरला आणि बोट ठेवलं. “वाचा. माणसाळणे. माणसांची सवय होऊन भय नाहीसे होणे.”

कारकुनाने पहिल्यांदाच वर पाहिलं. “भय नाहीसे होणे?”

“हो.”

“म्हणजे हा बोका कुणाला भीत नाही.”

“तसं नव्हे, म्हणजे माणसाला—”

“जो प्राणी माणसाला भीत नाही,” कारकून लिहिता लिहिता म्हणाला, “तो आमच्याकडे हिंस्र यादीत जातो. बरं झालं आणून दाखवलंत.”

त्याच दुपारी बोक्याला दुहेरी जाळीच्या पिंजऱ्यात हलवण्यात आलं आणि बाहेर पाटी लागली : सावधान.

आता कानामात्रा खरोखर घाबरले. त्यांनी थेट विभागप्रमुखांची भेट मागितली. विभागप्रमुख, म्हणजे साहेब, फार सुसंस्कृत गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, “तुमच्यासारखा जाणकार माणूस इतकी वर्षं होता कुठे?”

हा प्रश्न कानामात्रांना निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. घरी तर त्यांना फक्त ‘कुठे होतात इतका वेळ’ एवढंच विचारलं जाई.

“शब्दाचा प्रश्न आहे, तर शब्दाच्या माणसानेच सोडवावा,” साहेब म्हणाले. “आपण समिती नेमू. अर्थनिश्चिती समिती. तुम्ही सदस्य.”

समितीत तिघं होते. एक पशुवैद्य, एक विधी अधिकारी, आणि कानामात्रा. कानामात्रांना वाऱ्याची खोली मिळाली, चाकांची खुर्ची मिळाली, आणि टेबलावर एक लाकडी पाटी मिळाली. पाटीवर लिहिलं होतं : ‘भाषातज्ञ’.

‘तज्ज्ञ’ हा शब्द ‘तज्ञ’ असा लिहायचा नसतो, हे त्यांनी छापखान्यात निदान चारशे वेळा लाल शाईने सांगितलं होतं. त्यांनी पाटीकडे पाहिलं. तोंड उघडलं. शिपाई म्हणाला, “सर, खुर्ची बरोबर आहे ना? उंची कमी-जास्त होते.” कानामात्रांनी खुर्ची थोडी वर घेतली, आणि तोंड मिटलं.

बैठका सुरू झाल्या. पशुवैद्यांचं मत सोपं होतं : हातून खाल्लं की माणसाळला. विधी अधिकाऱ्यांना व्याख्या अशी हवी होती की तिच्यातून काहीच निसटता कामा नये. कानामात्रा म्हणाले, शब्दाचा अर्थ वापरात असतो, आधी वापर तपासू. त्यांनी घरी बसून लोकांच्या बोलण्यातले नमुने गोळा केले आणि चिठ्ठ्यांवर लिहून आणले. ‘नवे जावई अजून माणसाळले नाहीत, जेवायला बसले की मान खाली.’ ‘साहेब कडक होते, आता जरा माणसाळलेत.’ ‘आमचे हे लग्नानंतर दहा वर्षांनी माणसाळले.’ ही शेवटची चिठ्ठी त्यांच्या बायकोच्या बोलण्यातली होती, पण ते त्यांनी नोंदवलं नाही.

चिठ्ठ्या वाचताना विधी अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. “म्हणजे हा शब्द प्राण्यांपेक्षा माणसांनाच जास्त लावतात?”

“रोजच्या बोलण्यात तरी तसंच आहे,” कानामात्रा अभिमानाने म्हणाले.

“मग व्याख्येतून माणसं वगळली तर ती सदोष होईल.”

“सदोष नको,” कानामात्रा म्हणाले.

असा तो एक शब्द बोक्यावरून माणसावर आला. कुणाच्याही मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांना फक्त व्याख्या निर्दोष हवी होती.

सहाव्या बैठकीत मसुदा तयार झाला. ‘माणसाळलेला म्हणजे असा कोणताही प्राणी अथवा व्यक्ती, जी हाक मारल्यावर येते, थांब म्हटल्यावर थांबते, दिलेले खाते, न दिलेले मागत नाही, आणि दार उघडे असले तरी परवानगीशिवाय बाहेर जात नाही.’ कानामात्रांनी मसुदा दोनदा वाचला. एक वेलांटी दुरुस्त केली. मग हळूच म्हणाले, “यात ते भय नाहीसं होण्याचं आलं नाही. मूळ अर्थ तोच आहे. शब्दाचा जीव तिथे आहे.”

साहेब त्या दिवशी मुद्दाम हजर होते. “तुमचं अगदी बरोबर आहे,” ते म्हणाले. “तो झाला शब्दाचा अर्थ. हा कार्यालयीन अर्थ. दोघांचं भांडण नाही. अजून एक चहा घेणार?”

कानामात्रांनी चहा घेतला. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येईल, असं स्वतःला सांगितलं, आणि सही केली.

घरी बायको रोज एकच प्रश्न विचारायची. “बोक्याचं काय?”

“बाब विचाराधीन आहे.”

“मी विचारतेय, तो कसा आहे?”

“त्याबाबत स्वतंत्रपणे कळवण्यात येईल.”

हे ते गमतीने म्हणत नव्हते. गेल्या दीड महिन्यात त्यांच्या जिभेला ते वळणच पडलं होतं. भाजीत मीठ कमी असेल तर ‘मिठाबाबत फेरविचार व्हावा’ म्हणत. एकदा लेकीचा फोन आला, तेव्हा तिने आईला विचारलं, “बाबांना बरं नाहीये का?”

“बरे आहेत,” बायको म्हणाली. “खुर्ची मिळालीये.”

एका सकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, “इतके दिवस त्या इमारतीत जाताय. एकदा तरी त्याला बघून आलात?”

कानामात्रा बुटाची नाडी बांधत होते. निगराणी केंद्र मागच्या आवारात आहे, आवार वेगळ्या विभागाकडे आहे, तिथे जायला पास लागतो, असं ते सांगू लागले. बायकोने ऐकून घेतलं नाही. चपला घातल्या, कापडी पिशवी घेतली आणि निघाली.

पास कुणी मागितलाच नाही. निगराणी केंद्राचा रखवालदार उन्हात खुर्ची टाकून बसला होता. “बोका? तो तांबडा? न्या की बाई. सहा आठवडे झाले, कुणी बघायलाच आलं नाही.”

बोका दुहेरी जाळीच्या पिंजऱ्यात होता. सावधानची पाटी तिरकी झाली होती. पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं.

“कडी मोडलीये,” रखवालदार म्हणाला. “पहिल्या आठवड्यातच मोडली. दुरुस्तीला लिहून दिलंय.”

“आणि हा गेला नाही?”

“नाही ना. आधी दोनदा बाहेर आला, तर पाणी मारून आत घातला. मग नाही आला. आता हाक मारली की येतो, बस म्हटलं की बसतो. फार गुणी झालाय.”

बाईंनी त्याला उचलून पिशवीत घातलं. तो किती हलका झालाय, हे त्यांना तेव्हा कळलं. रखवालदाराने वही पुढे केली. प्राण्याशी नाते, असा रकाना होता. तिथे त्यांनी लिहिलं : ‘आहे.’ आणि सही केली.

संध्याकाळी कानामात्रा घरी आले, तेव्हा दार उघडं होतं आणि बोका पायरीवर उभा होता. बसला नव्हता, उभा होता. आत येत नव्हता.

“अगं! सुटला वाटतं!” त्यांना खरंच आनंद झाला. “ये रे, ये आत.” बोका आत आला. “बस,” ते सवयीने म्हणाले, आणि बोका बसला.

बायको ओट्याशी पाठमोरी होती. “दुपारपासून असाच आहे. ये म्हटल्याशिवाय येत नाही. बशी ठेवली तर पी म्हणेपर्यंत थांबला. पलीकडचा काळा बोका येऊन याच्या तोंडचं पिऊन गेला, तर हा बाजूला सरकून उभा.” मग ती वळली. डोळे लाल होते. “हा माझा बोका नाही. हा तुमच्या समितीचा आहे.”

 कानामात्रांनी बोक्यासमोर बसून त्याची शेपटी ओढली. पूर्वी अशी ओढली असती तर हाताला चार टाके पडले असते. बोक्याने फक्त त्यांच्याकडे बघितलं, पुढे काय करायचंय असं विचारल्यासारखं. त्यांनी शेपटी सोडून दिली. मग म्हणाले, “ती व्याख्या मी तपासली, गं. वेलांटी बरोबर केली तिची.”

सकाळी ते सही मागे घ्यायला कार्यालयात गेले. साहेबांनी या वेळी चहा मागवला नाही. व्याख्या मंजूर झाली होती आणि अमलात आली होती. मोजणी विभागाने तिच्या आधारे शहरातल्या रहिवाशांना माणसाळल्याचे दाखले द्यायला सुरुवात केली होती. दाखला असेल त्यालाच पुढे पाणी, वीज, वाचनालय वगैरे. “सदस्य म्हणून सही मागे घेता येत नाही,” साहेब म्हणाले. “नागरिक म्हणून हरकत घेता येते. खिडकी क्रमांक चार.”

खिडकीसमोर रांग होती. जिन्यावरून खाली, आवारातून बाहेर, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. रांगेत मीही होतो. नंबर सतरा. पहाटे उठून आलो होतो, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

कानामात्रा रांगेच्या कडेने खाली उतरले आणि जिन्याच्या पायथ्याशी थांबून मोठ्याने बोलू लागले. मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “अहो, तुम्हाला माहितीये का हा कसला दाखला आहे? हाक मारल्यावर येतो, थांब म्हटलं की थांबतो, दिलेलं खातो, म्हणून मिळणारा दाखला आहे हा! ही व्याख्या चुकीची आहे. मी केलीये ती. मला माहितीये!”

रांगेत थोडी कुजबुज झाली. मग एक बाई म्हणाल्या, “हो, हो, तोच दाखला. फोटो दोन लागतात की तीन?”

“तीन,” कुणीतरी सांगितलं. “आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर.”

“अहो, पण ऐका तरी—”

“काका,” मी म्हणालो, “ओळख आहे म्हणून सांगतो, मध्ये घुसू नका. आम्ही सकाळपासून उभे आहोत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. शब्द ओळखीचा आहे पण कुठल्या पानावर वाचला ते आठवत नाही, असं. मग ते वळले आणि वळणापर्यंत चालत जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांचा नंबर तिसऱ्या दिवशी आला. हरकतीची वही कोरी करकरीत होती. पहिल्या पानावर त्यांनी नऊ ओळी लिहिल्या. कारकुनाने वही फिरवून वाचली.

“तुमची व्याख्येला हरकत आहे.”

“आहे.”

“म्हणजे थांब म्हटल्यावर तुम्ही थांबत नाही. न दिलेलं मागताय.” त्याने दुसरा कागद काढला. “व्याख्येप्रमाणे तुम्ही माणसाळलेले नाही. भटके म्हणावं तर घरदार आहे. वर्ग अनिश्चित. रोज सकाळी अकराला निगराणीसाठी इथल्या बाकावर हजर राहायचं. नोटीस घरी येईल.”

नोटीस आली. कानामात्रांनी ती पायरीवर बसून वाचली, खिशातलं लाल पेन काढलं, आणि तपासली. चौदा चुका निघाल्या. प्रत्येक चुकीशी समासात खूण करून, खाली ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवणे’ असं लिहून त्यांनी ती परत पाठवली. चुकीच्या मजकुराची नोटीस बजावता येत नाही, हा नियम विभागाचाच. दुसरी नोटीस आली, तिच्यात नऊ चुका. तिसरीत अकरा, कारण घाईत लिहिली होती. ते अकराला बाकावर एकदाही गेले नाहीत. विभागात आता एक माणूस फक्त त्यांना निर्दोष नोटीस लिहिण्याच्या कामावर आहे, आणि त्याचं शुद्धलेखन खूप सुधारलंय, असं ऐकतो.

“पाणी तोडतील हो,” मी एकदा त्यांना म्हटलं. दाखला नाही म्हटल्यावर पाणी जाणारच होतं, आणि तोवर गेलंही होतं. आता दोघं नवरा-बायको कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या आणतात.

“तोडलंय,” बायको म्हणाली. बादली खाली ठेवून तिने कमरेला हात लावला, नवऱ्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, हसली. “पण बोलायला लागलेत माणसासारखे. मघाशी भाजीला नावं ठेवली, सरळ शब्दांत.”

बोक्याला वेळ लागला. कितीतरी दिवस तो दारात उभा राहून परवानगीची वाट बघायचा. दोघांपैकी कुणीही ‘ये’ म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दार उघडं ठेवून दोघं आपापलं काम करत राहायची. एकदा तो पावणेआठपर्यंत दारात उभा राहिला आणि तसाच निघून गेला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मग एके दिवशी तो न विचारता आत शिरला आणि ओट्यावरचं पातेलं उलथून त्यातलं दूध प्यायला. गेल्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा कुणालातरी ओरबाडलं. बाईंनी सबंध गल्लीत बिस्किटं वाटली. ओरबाडलं ते मला. मी त्याला नुसतं ‘बस’ म्हटलं होतं.

माझा दाखला आला. फोटो बरा आलाय.

परवा कार्यालयाच्या फळ्यावर नवी सूचना लागली. हरकतींची मुदत संपली असून केवळ एकच हरकत प्राप्त झाली आहे. सबब, उरलेल्या सर्वांची संमती गृहीत धरण्यात येऊन, ज्यांनी अर्ज केले नाहीत त्यांनाही दाखले घरपोच पाठवण्यात येतील. त्यासाठी वेगळं काही करायचं नाही. जिथे आहात तिथे बसून राहायचं. शेजारी यादी लावलीये, ती मी उभ्या उभ्या वाचली. बरीच लांब आहे. तिच्यात तुमचंही नाव आहे.

नावात चूक असेल तर दुरुस्ती अकरा ते दोन या वेळात होते. नाव यादीत का आहे, हे विचारायला खिडकी नाही. ती का नाही, असं मी कारकुनाला विचारणार होतो. पण त्याने ‘पुढचे’ म्हटलं, आणि मी बाजूला झालो. माझ्या मागे तुम्हीच होतात ना?